सायकल घ्यायची तर पांदणीसाठी



आज पिकाचं नाही, सायकलीचं लिहितो. पण गोष्ट शेवटी शेतावरच येते.

मी राहतो प्रताप नगरात, शेत हिंगण्याच्या पुढे. त्रिमूर्ती नगर, जयताळा, एमआयडीसी, हिंगणा, अन् शेवटी पाऊण किलोमीटर पांदण. वय 63. गुडघ्याची झीज सुरू झालेली. डॉक्टर म्हणाले, पायऱ्या टाळा, सायकल चालवा. मुलगा म्हणाला, "बाबा, शेत मक्त्यानं देऊन टाका ना आता."

त्याचं चुकत नव्हतं. गेल्या हंगामात संत्र्याच्या चार झाडांवरचा डिंक्या मला फार उशिरा दिसला. मोटारसायकल धुऱ्यावर लावायची, दोन ओळी पाहायच्या अन् परत. बुंध्याशी वाकणंच सुटलं होतं. मी म्हटलं, एक हंगाम सायकलीनं जाऊन पाहतो. नाही जमलं तर मक्ता.

पहिली सायकल जुन्या आठवणीवर घेतली. कॉलेजात चालवली तशीच काळी, दांड्याची, 28 इंची. डांबरावर मस्त पळाली. पण पहिल्या मोठ्या पावसानंतर काळी माती टायर अन् मडगार्डच्या मधात अशी बसली की चाक फिरेना. काडीनं उकरत ढकलत नेली. दुसऱ्या आठवड्यात कॅरिअरवर खताचं पोतं होतं. दांड्यावरून पाय टाकताना अडकलो अन् धुऱ्यावर आडवा झालो. घरी सांगितलं नाही, पण मनगटाची सूज लपते थोडीच!

मग एका जुन्या मिस्त्रीकडे गेलो. त्यानं पहिले विचारलं, "काका, रस्ता कसा हाय?"

"बहुतेक डांबरीच."

"डांबराचं सोडा. अडते कुठी ते सांगा. तिथली सायकल घ्या."

त्या एका वाक्यावर निवड झाली. जे घेतलं ते असं:

– खाली झुकलेल्या दांड्याची, म्हणजे लोक जिला लेडीज म्हणतात ती. लाज दोन दिवस वाटली. पाय मात्र आता मागून फिरवावा लागत नाही.

– 26 इंची चाक, जवळजवळ 2 इंच रुंद टायर. मडगार्ड अन् टायरमध्ये बोटभर मोकळी जागा. पांदणीआधी हवा थोडी कमी करतो.

– गिअर. जुन्या सायकलीला पुढे 44 दाते, मागे 18. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटरच्या आसपास जाते. नवीत पुढे 28, मागे 28 लावले की फक्त दोन मीटर. वेग जातो, पण गुडघ्यावरचा जोरही निम्म्याहून कमी होतो. गिअरमध्ये चिखल भरतो, म्हणून घरी आलो की धुणं अन् साखळीला तेल.

– पुढचा शॉकअप नाही घेतला. वजन वाढते, अन् रुंद टायर बराच धक्का खाते.

– सीट अशी की टाच पायडलवर ठेवली तर खाली पाय सरळ व्हावा. आधी मी खूप खाली बसत होतो, गुडघा त्यानंच जास्त दुखायचा.

अजूनही भर पावसात पांदणीत सायकल घालत नाही. तोंडाशी लावतो, काठी घेतो, पायी जातो. काळ्या मातीपुढे कोणतीच सायकल शहाणी नाही.

यंदा दोन झाडांच्या बुंध्यावर डिंकाचे थेंब वेळेवर दिसले. रोगट साल खरवडली, बोर्डो मलम लावला: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. दोन्ही झाडं सध्या हिरवी आहेत.

परवा मुलगा शेतावर आला होता. मक्त्याचं काही बोलला नाही. सायकलच्या मागच्या चाकात हवा कमी वाटते म्हणाला, अन् पंप आणायला गेला.