सर्प फोडणारा राजा

जुना करार शिकवताना एक प्रश्न हमखास येतो. भरवसा देवावर ठेवायचा, तर मध्ये माणूस कशाला? प्रश्न रास्त आहे, कारण शास्त्रातच दोन्हीकडचे दाखले मिळतात. १४६वे स्तोत्र मर्त्य माणसावर भिस्त ठेवू नका म्हणून बजावते. निर्गमाच्या १४व्या अध्यायात मात्र समुद्र ओलांडलेले इस्राएल लोक परमेश्वरावर आणि त्याचा सेवक मोशे याच्यावर विश्वास ठेवतात. दोन्ही नावे एकाच वाक्यात येतात आणि त्यात दोषाचा सूर नाही.

मला याची उकल हिज्कीया राजाच्या चरित्रात सापडते. त्यासाठी आधी गणनेचा २१वा अध्याय पाहावा लागतो. रानात सर्पदंशाने माणसे मरू लागली, तेव्हा लोकांनी मोशेला गळ घातली की आमच्यासाठी प्रार्थना कर. त्याने ती केली. देवाने खांबावर सर्पाची प्रतिमा लावायला सांगितली. दंश झालेला तिच्याकडे पाही आणि वाचे. म्हणजे मध्यस्थही देवाला चालला आणि साधनही त्यानेच दिले.

कित्येक शतकांनंतर, दुसऱ्या राजांच्या १८व्या अध्यायात, लोक त्याच पितळी सर्पापुढे धूप जाळत आहेत. हिज्कीया तो फोडून टाकतो. लगेच पुढचे वचन सांगते की परमेश्वरावर भरवसा ठेवण्यात यहूदाच्या राजांत त्याच्या तोडीचा कोणी झाला नाही.

इथेच पुस्तक मिटले, तर मधले सगळे मोडावे असेच वाटेल. पण पुढचा अध्याय तसे म्हणू देत नाही. इ. स. पू. ७०१ मध्ये अश्शूरचा सन्हेरीब यहूदावर चालून आला. तटबंदीची ४६ नगरे घेतल्याचे त्याने स्वतःच्या लेखात कोरून ठेवले आहे. त्याची धमकी ऐकून हिज्कीया यशया संदेष्ट्याकडे माणसे पाठवतो आणि प्रार्थनेची विनंती करतो. मग धमकीचे पत्र हाती येते. ते घेऊन तो मंदिरात जातो, देवापुढे उलगडून ठेवतो आणि स्वतः प्रार्थना करतो. उत्तर मात्र यशयाकरवी येते. सर्प फोडणारा हाच राजा संदेष्ट्याचा आधार मागतो, आणि शास्त्राला त्यात विसंगती दिसत नाही.

इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी ग्रंथातही हेच सूत्र आहे. तिथले रब्बी म्हणतात की सर्पात मारण्या-तारण्याची शक्ती नव्हती. लोकांनी वर पाहून अंतःकरण स्वर्गातल्या पित्याकडे लावले, तेव्हा ते बरे झाले. नव्या करारात पहिल्या तीमथ्याचा दुसरा अध्याय देव आणि मानव यांच्यात ख्रिस्त हाच एक मध्यस्थ असल्याचे सांगतो. त्याच अध्यायाची सुरुवात मात्र सर्वांसाठी विनंत्या, प्रार्थना करण्याच्या आग्रहाने होते.

म्हणून मध्यस्थ असावा की नसावा, एवढ्यावर वाद मिटत नाही. तो आपल्याला देवाकडे वळवतो की स्वतःपाशीच अडवून धरतो, हे पाहावे. कोणी प्रार्थनेसाठी विनंती केली, तर मी आनंदाने करतो, आणि तूही कर असे त्याला आवर्जून सांगतो. यशयाला निरोप धाडला म्हणून हिज्कीयाने स्वतःची प्रार्थना टाळली नव्हती.