बोल कळंनात

गेल्या दिवाळीत इचलकरंजीला घरी गेलो तेव्हा माझ्या सॅकमध्ये कपड्यांपेक्षा वायरी जास्त होत्या. चार चॅनलचा सेकंडहँड अ‍ॅम्प्लिफायर, दारात बसवायचे साडेसहा इंची स्पीकर, दोन ट्वीटर, काळ्या डॅम्पिंग शीटची गुंडाळी आणि एक कोपरा तडकलेला सात इंची टॅबलेट. आईनं सॅकमध्ये डोकावून विचारलं, "दुकान टाकायलायस काय?"

पप्पांच्या जुन्या वॅगनआरचा टेप बदलायचा होता. आमच्याकडं अजून टेपच म्हणतात, त्यात कॅसेट जात नसली तरी. आधीच्या मालकानं बसवलेला तो डेक पेनड्राइव्ह घ्यायचा, पण खड्डा आला की गाणं पहिल्यापासून सुरू करायचा. कंटाळून पप्पा गाडीत काही लावायचेच नाहीत. तीस वर्षं मागावर काढलेला माणूस पहिल्यांदा स्वतःची गाडी घेतो आणि मुक्यानं चालवतो, हे मला बघवत नव्हतं. मी पुण्यात नोकरी करतो आणि पगारातला नको तेवढा भाग हेडफोनवर घालवतो. म्हटलं, पप्पांना एकदा खरा आवाज ऐकवू.

टॅबलेटच का, तर तो फुकट होता. कपाटात पडून होता. शिवाय त्यात मोठा पडदा, मेमरी कार्ड, हवं ते प्लेअर आणि हवा तसा इक्वलायझर. ध्वनीच्या नादी लागलेल्या लोकांमध्ये एक समज पक्का असतो: सगळं सोर्सवर अवलंबून. मुळात जे आलं नाही ते पुढं कुठलाही स्पीकर देऊ शकत नाही. म्हणून मी गीतरामायणाच्या सीडी विकत घेतल्या आणि फ्लॅकमध्ये उतरवून घेतल्या, म्हणजे सीडीवरचं काहीच गळत नाही. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवर सुरू झालेली, दर आठवड्याला एक करत झालेली ती ५६ गाणी. पप्पांकडं त्याच्या कॅसेटी होत्या. मी शाळेत असताना त्यांतली एक मागच्या बाजूला कुरतडल्यासारखी वाजायची, तरी ते ती लावायचे.

पाडव्याच्या सकाळी मी गाडी उघडली. बॅटरीपासून जाड लाल वायर, बॅटरीजवळच फ्यूज, वायर डाव्या बाजूनं मागे. आवाजाच्या केबल उजव्या बाजूनं, कारण दोन्ही शेजारून नेल्या की करंटची गुरगुर आवाजात उतरते. सीटखाली रंग खरवडून उघड्या पत्र्यावर अर्थिंग. एक अडचण लक्षातच आली नव्हती. डेकच्या मागे एक निळी वायर असते, डेक सुरू झाला की ती अ‍ॅम्प्लिफायरला जागं करते. टॅबलेटला अशी वायर नसते. मग फ्यूज बॉक्समधून किल्ली फिरवल्यावरच करंट येणारी एक जागा शोधून ती जोडली. बाहेरचा डॅक लावायचा विचार सोडून दिला, कारण टॅबलेटला भोक एकच. त्यात डॅक लावला तर चार्जिंग नाही, चार्जिंग लावलं तर डॅक नाही. हेडफोनच्या जॅकमधूनच आवाज घेतला.

पप्पा खुर्ची टाकून बघत बसले होते. ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारे. पाना देताना मी मागायच्या आधीच बरोबर नंबरचा हातात यायचा. पण बोलत नव्हते. ते तसेही कमीच बोलतात.

दुपारी गाडी सुरू केली आणि शीळ आली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की वर चढणारी, सोडला की उतरणारी. हा अल्टरनेटरचा आवाज. चार्जरची पिन उपटली तर शीळ गायब. म्हणजे चार्जरची अर्थिंग आणि अ‍ॅम्प्लिफायरची अर्थिंग यांचा फेरा तयार झाला होता. बाजारातून ग्राउंड लूप आयसोलेटर आणला. आत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असलेली अडीचशे रुपयांची डबी. शीळ नव्वद टक्के गेली. उरलेली दहा टक्के फक्त मला ऐकू येत होती, असं मला वाटलं. पप्पांना विचारलं तर म्हणाले, "काय न्हाई, झ्याक हाय."

मग बाबूजींचा आवाज लावला. पुण्यातल्या माझ्या खोलीतही तो इतका जवळून आला नव्हता. मी पप्पांच्या तोंडाकडं बघत होतो. तीन-चार मिनिटं ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "आवाज चांगला येतोय. पण बोल कळंनात."

मला राग आला. खरं सांगतो, पहिल्यांदा रागच आला. दोन महिने वाचून, पैसे साठवून, पाठ मोडून बसवलेल्या सिस्टिमवर हा शेरा. मग मी इंजिनिअर असल्यासारखा वागायला लागलो. आवाज वाढवला. ट्वीटरची दिशा बदलली. दाराचं पॅनल पुन्हा काढून शीट नीट दाबली. दर वेळी विचारायचं, "आता?" आणि दर वेळी तेच. आवाज येतोय, बोल कळंनात.

दुसऱ्या दिवशी दाराचं पॅनल कुठं थरथरतं ते शोधायला मी टॅबलेटवर टोन जनरेटर लावला. हे अ‍ॅप एकच सूर काढतं, तो खालून वर सरकवत न्यायचा. जिथं प्लॅस्टिक खडखडतं तिथं थांबायचं. पप्पांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि मी उघड्या दारापाशी उकिडवा बसलो. खडखड शंभर हर्ट्‌झच्या आसपास सापडली. आलोच आहोत तर ट्वीटर बघू, म्हणून सूर तसाच वर नेला. हजार. दोन हजार. तीन हजार. चार हजारांवर माझे दात शिवशिवले. शेजारचं पोरगं फुलबाज्या सोडून बघायला आलं होतं, त्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले.

पप्पा शांत बसले होते. म्हणाले, "बंद केलास व्हय?"

मी आवाज वाढवला. आणखी वाढवला. "हां, आला." जरा कमी केला. "गेला."

पोरगं पळून गेलं होतं. मी टॅबलेट बंद केला आणि काहीतरी स्क्रू शोधत असल्यासारखा खाली बघत राहिलो.

बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात. आ, ओ, ऊ हे भरदार असतात, त्यांच्यामुळे आवाज आवाजासारखा वाटतो. पण स, श, त, थ, फ यांचा कस दोन हजारांच्या वर, काहींचा तर चार-पाच हजारांच्याही पुढं असतो. तो गेला की माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. पप्पांनी माझ्या सिस्टिमचं अगदी अचूक निदान केलं होतं. फक्त ते सिस्टिमचं नव्हतं.

त्या रात्री मला झोप आली नाही, त्याचं कारण मात्र गाडी नव्हती. कारण फोन होता. मी बारा वर्षं घराबाहेर आहे. दर रविवारी फोन करतो. पप्पांनी उचलला तर ठरलेलं असतं: "हां. बरं हाय. आईकडं देतो." पाच सेकंद, फार तर दहा. मी मनाशी एक गोष्ट तयार केली होती, की यांना माझ्याशी बोलण्यासारखं काही नाही. पुढं पुढं मीही काही सांगेनासा झालो. फोनवर वर्षानुवर्षं साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा पाठवला जायचा. त्यांच्या कानात उरलेल्यातलाही वरचा तुकडा त्यात कापला जात होता. माझा नुसता घुमारा पोचत असणार, आणि "काय म्हणालास?" असं किती वेळा विचारायचं म्हणून ते फोन देऊन टाकत असणार.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "ते तोंडाकडं बघूनच बोलतात की. आतनं हाक मारली तर ओ देत न्हाईत. मला वाटायचं मुद्दाम करतात."

सुट्टी दोन दिवस वाढवून कोल्हापूरला तपासणीला नेलं. "म्हातारा झालो व्हय मी?" असं वाटेत दोनदा म्हणाले. बंद खोलीत हेडफोन लावून बसवलं, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी काचेपलीकडून बघत होतो. मधेच बराच वेळ बटण दाबलंच गेलं नाही. ते मात्र नेमून दिलेलं काम करावं तसे, अंगठा तयार ठेवून बसले होते.

ऑडिओग्रामवर उजव्या कानाला लाल गोल असतात आणि डाव्याला निळ्या फुल्या. रेघ जितकी खाली तितकं कमी ऐकू येतं. पप्पांचे गोल आणि फुल्या हजारापर्यंत बऱ्यापैकी वर होत्या, मग घसरत चार हजारांवर तळाला गेल्या, आणि आठ हजारांवर किंचित वर आल्या. तपासणाऱ्या बाईंनी तो खड्डा बघून विचारलं, "काका, कामाला कुठं होता? मागावर?"

मोठ्या आवाजात वर्षं काढलेल्या कानात असा खड्डा चार हजारांच्या आसपास पडतो. आत केसांसारखे तंतू असलेल्या पेशी असतात, त्या एकदा मेल्या की परत येत नाहीत. ८५ डेसिबलच्या वर आठ तास काढणं कानाला धोक्याचं मानतात. धोट्याच्या मागांची शेड सहज नव्वदच्या वर जाते, आणि पप्पांची पाळी बारा तासांची. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. लहानपणी मी डबा द्यायला जायचो तेव्हा दारातच छाती धडधडायची. आतली माणसं एकमेकांशी हातांनी, ओठांनी बोलायची. मला ती गंमत वाटायची.

परत येताना मी विचारलं, कानात कापूस का नाही घातला कधी? त्यांच्या समोर येऊन, सावकाश विचारलं. म्हणाले, "कापूस घातल्यावर माग काय म्हणतोय ते कसं कळणार? जॉबरचं कामच ऐकायचं." आणि मग जरा वेळानं, "तुझी फी भरायची असायची. कानाकडं कोण बघतंय."

ते सहज म्हणाले. पण ज्या कानांनी मी पाच हजारांच्या हेडफोनमधला आणि पंधरा हजारांच्या हेडफोनमधला फरक ओळखतो, ते कान मला कुठल्या आवाजातून मिळाले, हे मला त्या दिवशी कळलं.

पुण्याला निघायच्या आधी टॅबलेटवर एक सेटिंग करून ठेवलं. खालचा बेस कमी केला, कारण चालत्या गाडीची घरघर तिथंच असते आणि ती बोल झाकून टाकते. दोन ते चार हजारांचा पट्टा पाच-सहा डेसिबलनं वर घेतला. त्याहून जास्त घेता येत नाही, कारण अशा कानाला हळू ऐकू येत नाही आणि मोठं लवकर टोचतं. त्या सेटिंगला ‘पप्पा’ असं नाव दिलं. मला ते दोन मिनिटं ऐकवत नाही, पत्र्यावर वाळू टाकल्यासारखं वाटतं. पप्पा म्हणाले, "आता जरा जरा कळतंय." जे खरंच गेलंय ते इक्वलायझरनं परत येत नाही, हे त्यांनाही समजलं होतं.

कानाचं मशीन त्यांनी फेब्रुवारीत घेतलं. आधी महिनाभर ते कपाटात होतं, भांड्यांचा आवाज फार होतो म्हणून. उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा टॅबलेट गाडीत नव्हता. बंद गाडी उन्हात भट्टी होते आणि बॅटरी फुगते, हे मी सांगितलं होतं, तर ते रोज तो काढून घरात आणून ठेवत होते, टॉवेलमध्ये गुंडाळून.

रविवारी आम्ही कुरुंदवाडच्या रस्त्यानं नरसोबाच्या वाडीला निघालो. त्यांनी मशीन घातलं होतं. गाणं संपलं, दुसरं सुरू व्हायच्या मधे जी शांतता असते ती आली. पप्पांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मान तिरपी करून ऐकलं, माग ऐकायचे तशी.

"ही शीळ कसली यायलीय?" म्हणाले. "काम अर्धवट ठेवलायस तू."