बेल वाजली की फुस्स

२०२३ च्या पावसाळ्यात आमच्या घरात एकाच वेळी दोन डायपरवाले होते. एक दोन महिन्यांचे आणि दुसऱ्या ८४ वर्षांच्या.

आमचं घर म्हणजे डोंबिवलीतला दोन बेडरूमचा फ्लॅट. लेक बाळंतपणाला आलेली. तिचं सगळं नीट पार पडलं म्हणून हुश्श करतेय तोवर सासूबाई बाथरूमच्या दारात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि हॉस्पिटलातून आल्या त्या डायपर लावूनच. बाहेर धो धो पाऊस, खिडक्या बंद, दोऱ्यांवर दुपटी. वासाचं काय झालं असेल ते सांगायला नकोच.

पण गंमत बघा. बाळाने शी केली की सगळं घर गोळा व्हायचं. "अरे वा! झाली का बाळराजांची?" वगैरे. नाक धरून हसायचे सगळे. आणि सासूबाईंच्या खोलीतून वास आला की कोणी काही बोलायचं नाही. नवरा तर दारातूनच "आई, बरं वाटतंय ना?" विचारून मागे फिरायचा. वाईट नाहीये हो तो, त्याला झेपतच नव्हतं.

मी मोगऱ्याच्या वासाचा एक स्प्रे आणला होता. बेल वाजली की दार उघडायच्या आधी त्यांच्या खोलीत एक फवारा. मला वाटायचं, किती काळजी घेतेय मी त्यांच्या मानाची. एक दिवस त्यांची भजनी मंडळातली मैत्रीण भेटून गेली आणि सासूबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "बेल वाजली की तू फुस्स करतेस. मला कळतं गं."

मला काही बोलताच आलं नाही. मी नुसती चादर सारखी करत राहिले.

त्याच आठवड्यात त्यांना बारीक ताप आला. वासही जास्तच उग्र झाला होता, पण मला वाटलं पावसाळी कोंदट हवा. डॉक्टरांनी लघवी तपासून घेतली तर संसर्ग निघाला. त्यांनी विचारलं, "आजी पाणी किती पितात?" मी म्हटलं, तांब्या भरून ठेवते की रोज. मग लेकीने सांगितलं, आजी अर्धा तांब्या खिडकीतल्या तुळशीला घालते. पाणी प्यायलं की डायपर भरतो, डायपर भरला की वास येतो आणि सुनेला उठावं लागतं, म्हणून बाईंनी पाणीच तोडलं होतं! पाणी कमी तर लघवी दाट, लघवी दाट तर वास जास्त. त्यांचा सगळा उपाय उलटाच पडत होता, आणि त्या उलट्या उपायाचं मूळ माझ्या हातातल्या मोगऱ्यात होतं.

स्प्रे त्या दिवशी कचऱ्यात गेला. वास झाकायचा नाही, घालवायचा, असं ठरवलं. (मी बीएस्सी आहे हे घरात कोणाला आठवत नाही, पण अशा वेळी उपयोगी पडतं.) ताज्या लघवीला तसा फारसा वास नसतो. त्यातल्या युरियाचा जिवाणू हळूहळू अमोनिया करतात, आणि नाकात जातो तो अमोनिया. म्हणजे खरं औषध एकच, वेळ न घालवणं. डायपर भरायची वाट न बघता ठरलेल्या वेळांना बदलायचा. अंग कोमट पाण्याने पुसून, नीट कोरडं करून मगच दुसरा. यातच निम्मं काम झालं. त्वचाही लालसर व्हायची थांबली.

उरलेलं निम्मं स्वयंपाकघरातून आलं. अमोनिया अल्कधर्मी, म्हणून त्याच्यावर आम्ल हवं. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून मेणकापड आणि पलंगाच्या कडा पुसायच्या. व्हिनेगरचा स्वतःचा वास थोड्या वेळात उडून जातो. दुपटी आणि लंगोट आधी थंड पाण्यात खळबळायचे, गरम पाण्यात घातले तर डाग बसतो. मग नेहमीसारखे धुऊन शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर. खायचा सोडा गादीवर भुरभुरवून चार तास ठेवायचा आणि ब्रशने झटकायचा, डायपरच्या डब्याच्या तळाशीही एक चमचा टाकायचा. तो शीच्या आंबूस वासाला बरा. पहिल्या दिवशी मी हुशारीने दोन्ही एकत्र केले. काय फेस आला! पण सोडा आणि व्हिनेगर एकमेकांना मारून मोकळे, हातात राहिलं खारट पाणी.

एक प्रकार मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. धुण्याला येणाऱ्या ताईंनी लंगोट भिजवलेल्या बादलीत, कपडे पांढरे व्हावेत म्हणून, ब्लीचिंग पावडर टाकली. डोळे झोंबले, घशाला खवखव सुटली. अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की विषारी वायू होतो. बादली तिथेच सोडली, दारं खिडक्या उघडल्या आणि बाळाला शेजारी नेऊन ठेवलं. तेव्हापासून ते पुडकं घरात नाही.

आत्याबाईंचा ओवा-उदाच्या धुरीचा आग्रह होता. आमच्या वेळी घालायचेच की, मलाही तो वास आवडतो. पण बाळाच्या डॉक्टरांनी धूर नको म्हणून बजावलं होतं, आणि धुरीही शेवटी एक मोगराच. आत्याबाई दोन दिवस फुगून होत्या. असो.

कचऱ्याचंही शिकले. शी आधी संडासात टाकायची, डायपर मात्र कधीच नाही, आतलं जेल पाण्याने फुगतं आणि पाइप तुंबतो. मग घट्ट गुंडाळी करून वर्तमानपत्रात बांधायचं. २०१६ च्या घनकचरा नियमांतही डायपर नीट गुंडाळून द्यायला सांगितलं होतं. आपण न गुंडाळता टाकलं तर ते कोणाच्या तरी हातात उघडं पडतं, हा विचार मी त्याआधी कधी केला नव्हता.

आणि ऊन! ऑगस्टमध्ये एका रविवारी अचानक लख्ख पडलं. नवऱ्याने आईची कापसाची गादी स्वतः डोक्यावर घेऊन गच्चीवर नेली. लिफ्टमध्ये मावेना म्हणून चार जिने चढला. दुपारभर तिथे खुर्ची टाकून आभाळाकडे बघत बसला, पाऊस आला तर म्हणून. संध्याकाळी गादी अंथरून पहिल्यांदाच आईजवळ तासभर टेकला. त्या दोघांचं काय बोलणं झालं, मला माहीत नाही, मी पोळ्या करत होते.

पाण्याचं जमायला मात्र वेळ लागला. "आई, तुम्ही एक पेला, मी एक पेला," असं करत मी त्यांच्यासमोर बसून प्यायचे. त्या हसायच्या, पण प्यायच्या.

गणपतीत ती मैत्रीण पुन्हा आली. बेल वाजली तशी सासूबाईंनी माझ्या हाताकडे बघितलं. हातात निरांजन होतं. दोघी गप्पा मारत बसल्या, बाळ त्यांच्या मांडीशी झोपलेलं. जरा वेळाने वास आला. खोलीत एकदम शांतता. सासूबाईंनी दुपट्याची कड उचलून बघितली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "या वेळी मी नाही हं!"

बाळ आता नाशिकला त्याच्या घरी आहे. सासूबाई वॉकर घेऊन बाथरूमपर्यंत जातात, डायपर फक्त रात्रीचा. तांब्या मी अजून रोज संध्याकाळी उचलून बघते. तुळशीला पाणी मीच घालते.