एरंडेलाचें विमान

आमच्या नांदेडच्या घरांत एरंडेलाची बाटली आजवर एकाच कामासाठीं प्रसिद्ध होती. लग्नकार्यांत मुलांनीं जरा अधिक खाल्लें कीं मातोश्री ती फडताळांतून काढीत, आणि सारीं मुलें माडीवर पळत. त्यामुळें गेल्या उन्हाळ्यांत आमच्या पुतण्यानें आपण होऊन, "आजी, एरंडेल आहे का?" असें विचारिलें, तेव्हां मातोश्रींनीं प्रथम त्याच्या कपाळास हात लावून पाहिला.

एरंडेल हवें होतें विमानासाठीं. बाल्सा लाकडाच्या एका लहानशा विमानास त्यानें मुठींत मावेल एवढें एंजिन बसविलें होतें. पेट्रोल घालण्याचा आमचा सल्ला त्यानें हंसून नाकारिला. ह्या एंजिनांत ठिणगी नसते; १९४७ सालीं अमेरिकेंत रे आर्डेन यांनीं प्रचारांत आणलेली प्लॅटिनमच्या तारेची गुंडाळी असते. ती आरंभीं बॅटरीनें तापवितात. पुढें मिथिल अल्कोहोलची वाफ प्लॅटिनमला लागून उष्णता उत्पन्न होते व बॅटरी काढली तरी तार लाल राहते. पेट्रोलास हा गुण नाहीं. एंजिनास वंगणाची निराळी सोय नसल्यानें तेल इंधनांतच मिसळावें लागतें. खनिज तेल ह्या अल्कोहोलांत विरघळत नाहीं, एरंडेल विरघळतें आणि कडक उष्णतेंतहि टिकतें. पहिल्या महायुद्धांतील कित्येक विमानांनाहि हेंच वंगण असे. प्रमाण सोपें : चार भाग अल्कोहोल, एक भाग एरंडेल.

आम्हीं हौसेनें मापें घेतलीं. मिश्रण झाल्यावर उरलेलें अल्कोहोल सरबताच्या रिकाम्या बाटलींत ओतलें व ती ओसरीवर, माठाच्या शेजारीं, सांवलींत ठेविली. ठेवणारे आम्हीच. दुपारीं धाकटी पुतणी उन्हांतून खेळून आली आणि तिनें ती बाटली उचलून तोंडाशीं नेली. वहिनींनीं वेळींच हात धरला, म्हणून निभावलें.

दिसावयास पाण्यासारखा असणारा हा द्रव थोडासा पोटांत गेला तरी दृष्टि जाऊं शकते, प्रसंगीं प्राणहि. पेटला तर त्याची ज्योत दिवसा दिसतसुद्धां नाहीं. पुतण्यास हें सारें ठाऊक होतें. त्याच्या खोक्यावर तशी सूचनाहि होती. मुलांच्या खेळांत काय वाचावयाचें, असें समजून आम्हीं मोठ्यांनींच ती वाचली नव्हती. त्या रात्रीं आम्हांस जेवण गेलें नाहीं.

आतां तें अल्कोहोल मूळच्या डब्यांत, 'विष' असें लिहून, कुलुपांत असतें, किल्ली पुतण्याजवळ. मिश्रण बाहेर मोकळ्या हवेंत होतें, आणि विचारल्यावांचून आम्ही कशास हात लावीत नाहीं.

पुढल्या रविवारीं मैदानावर विमान उडालें. जळक्या एरंडेलाचा वास सर्वत्र दरवळला. मातोश्री पदर नाकास लावून म्हणाल्या, "एरंडेल पाहून पोरें पळतात, हें ठाऊक होतें, विमानेंहि पळतात, हें आज कळलें!"