पायाखालचे आकडे

वाद्याला चुकून पाय लागला की आपण लगेच हात लावून नमस्कार करतो. कुणी तबल्यावरून ओलांडून गेलं तर भजन थांबवून त्याची खरडपट्टी काढणारे बुवा मी पाहिले आहेत. आणि तरीसुद्धा मराठी संगीत नाटकाचा सगळा डोलारा एका पायानं चालवायच्या वाद्यावर उभा होता. ऑर्गन! बालगंधर्वांना साथ ऑर्गनची आणि आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांनाही ऑर्गनचीच. तिथे मात्र पाय चालतो बरं का.

आमचे थोरले बंधू झाडीपट्टीत ऑर्गन वाजवत. ज्यांना झाडीपट्टी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा धानाचा मुलूख. धान घरात आलं, दिवाळी झाली की गावोगाव नाटकं सुरू होतात आणि ती होळीच्या आसपासपर्यंत चालतात. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटे संपतं. देसाईगंज, म्हणजे आमचं वडसा, हे या कंपन्यांचं माहेरघर. २०२३ साली डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्यामुंबईकडच्या बऱ्याच लोकांना या रंगभूमीचं नाव पहिल्यांदा कळलं. (आम्हाला आनंद झाला आणि थोडं हसूही आलं.)

दादा गेल्यानंतर त्यांचा ऑर्गन माझ्याकडे मोहर्लीला आला. भाता थोडा फाटला आहे, पण सूर शाबूत आहेत. हार्मोनियममध्ये भाता वारा बाहेर ढकलतो, या ऑर्गनमध्ये तो आत ओढून घेतो, म्हणून याचा आवाज गोल आणि मऊ. दोन्ही पाय पायट्यांवर सारखे चालू ठेवायचे, दोन्ही हात सुरांवर. मग आवाज लहानमोठा कसा करायचा? त्यासाठी खाली गुडघ्यांपाशी दोन दांड्या असतात. उजव्या गुडघ्यानं दांडी बाहेर ढकलली की आतली झडप उघडते आणि आवाज फुलतो. डाव्या गुडघ्यानं ढकलली की सगळे पडदे एकदम खुले होतात. नायिका रडत असताना दादा हळूच चालवायचे आणि खलनायक शिरला की डावा गुडघा! लोक पुढे सरसावून बसायचे.

हे सगळं आठवायचं कारण आमचा नातू. नागपूरला नोकरी करतो, गिटार वाजवतो. पावसाळ्यात ताडोबाचा गाभा बंद असतो, गावात जिप्सींची धावपळ नसते, तेव्हा पंधरा दिवस राहायला आला. येताना गिटार, दोन अँप्लिफायर आणि एक लांबट काळी पाटी घेऊन आला. पाटीवर दहा बटणं, बाजूला शिलाई मशीनच्या पायटीसारखी एक पायटी. पाटी जमिनीवर ठेवून तो त्यावर बुटासकट उभा राहिला. मी सवयीनं म्हणालो, "अरे, पाया पड आधी."

तर म्हणाला, "आबा, याच्यातून आवाज निघतच नाही. नुसता हुकूम निघते."

मला हे काही कळेना. शिक्षकाला कळलं नाही की तो विचारत राहतो. त्यानं समजावलं ते असं. गिटारचा आवाज वाटेत वेगवेगळ्या डब्यांतून जातो. एक डबा आवाज खरखरीत करतो, एक प्रतिध्वनी देतो, एक लाटेसारखा हलवतो. शेवटी अँप्लिफायर. त्याच्याकडचा एक स्वच्छ आवाजाचा, दुसरा फाटक्या आवाजाचा. आता गाण्याचं कडवं स्वच्छ हवं आणि पुढच्याच मात्रेला खरखर, प्रतिध्वनी आणि दुसरा अँप्लिफायर हवा, तर चार ठिकाणी पाय मारावा लागतो. माणसाला पाय दोन, त्यातल्या एकावर उभं राहायचं! म्हणून ही पाटी. पाचव्या क्रमांकाचं बटण दाबलं की पाटी सगळ्यांना एकच आकडा पाठवते. कोणत्या आकड्याला काय करायचं हे प्रत्येक डब्याला आधीच शिकवून ठेवलेलं असतं. कुणी चालू होतो, कुणी बंद होतो. अँप्लिफायर बदलायला मध्ये एक स्विचचा डबा आहे, तोही हाच आकडा ऐकतो. बाजूची पायटी म्हणजे दादांचा उजवा गुडघा, शून्यापासून १२७ पर्यंत आकडे पाठवत आवाज चढवते. आणि बटण म्हणजे डावा गुडघा. हे मी म्हणालो तेव्हा तो उठून ऑर्गनच्या खाली वाकून बघत बसला.

या आकड्यांच्या भाषेला मिडी म्हणतात. जपानचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ यांनी पुढाकार घेऊन, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांना एका भाषेवर आणलं. १९८३ च्या जानेवारीत दोन वेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एका तारेनं जोडून दाखवले. एक वाजवला की दुसराही वाजला. पुढे २०१३ मध्ये दोघांना ग्रॅमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. चाळीस वर्षं उलटली, दोघेही आता हयात नाहीत, पण भाषा तीच आहे. आकडा पोचायला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. गंमत म्हणजे काही कंपन्या मोजणी शून्यापासून करतात, काही एकपासून. त्यामुळे पोराची एक अख्खी संध्याकाळ "पाच म्हटलं तर सहा काऊन येऊन राहिलं?" यात गेली. पहिलीच्या वर्गात मी हा घोळ तीस वर्षं पाहिला आहे.

त्या संध्याकाळीच वीज गेली. पाटी मेली. ऑर्गनला वीज लागत नाही हे मी बोललो नाही, पण वाजवायला बसलो.

अंधारात त्यानं खरं काय ते सांगितलं. वडशाच्या एका कंपनीनं त्याला या हंगामासाठी विचारलं आहे. नोकरी सोडून जायचं मनात आहे. "बाबांना तुम्ही सांगा."

आता मुलाचा स्वभाव मला ठाऊक आहे. लहानपणी दादांची ओढाताण त्यानं पाहिली आहे. कीबोर्ड आला, एका पेटीत सनई, बासरी, व्हायोलिन सगळं आलं, आणि ऑर्गनवाल्याला कुणी विचारीना. दादांनी शेवटची वर्षं शेतावर काढली. तक्रार केली नाही, पण ऑर्गनवरची चादरही काढली नाही. उद्या या गिटारवाल्याचीही जागा एखादा लॅपटॉप घेईल, असं मुलगा म्हणणार आणि ते खोटं आहे असं मला म्हणता येणार नाही. पण पोरगा चोवीस वर्षांचा आहे. दादा सोळाव्या वर्षी बैलगाडीतून गेले होते, तेही घरी न सांगता. हा निदान सांगतो आहे.

गेले चार दिवस आम्ही नाटकाची संहिता घेऊन बसतो. तो प्रसंग वाचतो, आवाज ठरवतो, मी समासात पेन्सिलीनं आकडा लिहितो. नांदीला १. तमासगिरिणीच्या गाण्याला ४. पोलीस येतात तिथे ९, दोन्ही अँप्लिफायर. अक्षर सुवाच्य हवं, रात्री तीन वाजता मिणमिणत्या दिव्यात वाचायचं आहे. दुसऱ्या अंकात बाप मरतो तिथे अडलं. मी म्हणालो, इथे काही वाजवू नको.

"मग त्याले पण एक नंबर लागते आबा. सगळं बंद करणारा."

तिथे १७ लिहिला आहे. मुलाला फोन रविवारी करीन, त्या दिवशी तो घरी असतो.