वाट आयसॉनची

धूमकेतू कधी आणि कुठे असेल, हे गणित मिनिटाच्या हिशेबात सांगतं. तो दिसेल कसा, एवढं विचारलं की मात्र गप्प बसतं. आयसॉन या धूमकेतूच्या वेळी त्या गप्प जागेत आम्ही सगळ्यांनी आपापल्या अपेक्षा भरून ठेवल्या होत्या.

२१ सप्टेंबर २०१२ रोजी रशियात, किस्लोव्होद्स्कजवळच्या ४० सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीने टिपलेल्या चित्रांत विताली नेव्हस्की आणि अर्त्योम नोविचोनोक यांना तो सापडला. तेव्हा तो गुरूच्याही पलीकडे होता. एक पुसट ठिपका. कक्षा मांडल्यावर कळलं की हा थेट सूर्यमालेच्या कडेच्या ऊर्ट मेघातून, बहुधा पहिल्यांदाच, सूर्याकडे निघालाय आणि २८ नोव्हेंबर २०१३ ला सूर्याच्या पृष्ठभागापासून जेमतेम १२ लाख किलोमीटरवरून जाणार आहे. झालं! तो ‘शतकातला धूमकेतू’ ठरला. पौर्णिमेच्या चंद्राला मागे टाकेल, भरदिवसा दिसेल, असं काय काय छापून आलं.

खरी गोम त्या ‘पहिल्यांदाच’मध्ये होती. कधीच न तापलेल्या अशा पाहुण्याच्या अंगावर कार्बन डायऑक्साइडसारखे चटकन उडून जाणारे बर्फ असतात. सूर्य लांब असतानाच ते उडू लागतात, सोबत धूळ उधळतात आणि धूमकेतू अंतराच्या मानाने फारच तेजस्वी वाटतो. ते सरले की तेजाची वाढ रेंगाळते. २०१३ चे कित्येक महिने आयसॉन तसाच रेंगाळला. हॅलेसारख्या जुन्या फेरीवाल्यांनी कितीतरी आवे सोसलेले असतात. हे मात्र कच्चं मडकं होतं, आणि पहिल्याच खेपेला ते भट्टीच्या तोंडाशी चाललं होतं.

नोव्हेंबरच्या मध्यावर त्याने एकदम उसळी घेतली आणि आमचा जीव पुन्हा त्याच्यात गुंतला. १८ तारखेच्या पहाटे तो चित्रा नक्षत्राच्या ताऱ्याशेजारी होता. आदल्याच दिवशी त्रिपुरी पौर्णिमा झालेली, त्यामुळे पश्चिमेकडून चंद्र आकाश धुऊन काढत होता, आणि पूर्वेकडून उजाडण्याची घाई. त्या दोघांच्या मधल्या अंधारात द्विनेत्रीतून दिसला तो हिरवट, धूसर पुंजका. शेपटी होती की मी ती मनाने काढली, कोण जाणे! रोज तो क्षितिजाकडे उतरत गेला आणि मग उजेडाने त्याला गिळलं.

सूर्याजवळून जाण्याची, ऐन कसोटीची घटका आमच्या डोळ्यांसाठी नव्हतीच. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. सूर्यबिंब तबकडीने झाकून भोवतीचं आकाश टिपणाऱ्या सोहो यानाची चित्रं संगणकाच्या पडद्यावर एकेक करून येत होती. आयसॉन झळाळत आत शिरला, मग विझू लागला. सूर्यावर नजर रोखून बसलेल्या दुसऱ्या यानाला तर काहीच दिसलं नाही. ‘गेला’ म्हणेपर्यंत तबकडीच्या दुसऱ्या कडेने पंख्यासारखं काहीतरी बाहेर आलं. जगभरच्या खगोलवेड्यांनी त्याला घाईघाईने जिवंत ठरवलं. ती धूळ होती. काही दिवसांत तीही विरली.

त्याच नोव्हेंबरात आणखी एक धूमकेतू आकाशात होता. ऑस्ट्रेलियातल्या टेरी लव्हजॉय या हौशी निरीक्षकाने तो सप्टेंबरमध्ये शोधला होता, अवघ्या २० सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून. त्याला सूर्याला खेटून जायचं नव्हतं, शतक गाजवायचं नव्हतं. पहाटे तो चांगला उंचावर असायचा. आयसॉनपेक्षा पाहायला कितीतरी सोपा. त्याच्याबद्दल आम्ही फारसं कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. पण डिसेंबर उजाडला, आयसॉनचा विषय संपला, तरी हा पहाटेच्या आकाशात होताच. तो मनसोक्त पाहता आला, कारण आयसॉनने पहाटे उठायची सवय लावून ठेवली होती.