छत्तीसचा रोल, पंधरा जीबी

फुकटच्या गोष्टीला पैसे पडायला लागले की माणूस जितका चिडतो, तितका महाग गोष्ट आणखी महाग झाली म्हणून चिडत नाही. पेट्रोल वाढलं की आम्ही उसासा टाकतो आणि टाकी भरतो. पण फोनवर ‘तुमचं स्टोरेज भरलं आहे’ असा संदेश येऊन खाली १०० जीबीचे महिन्याला १३० रुपये दिसले, की आमच्या पिढीतल्या भल्याभल्यांचा पारा चढतो. ‘फोटो आपले आणि भाडंही आपणच भरायचं?’ असं तावातावाने विचारणारे आम्ही सगळे एकेकाळी प्रत्येक फोटोला रोख पैसे मोजलेली माणसं आहोत, ही त्यातली गंमत.

तेव्हा फुकट काहीच नव्हतं. रोलचे वेगळे, धुण्याचे वेगळे, कॉपीचे वेगळे. आगफाच्या क्लिक थ्रीमध्ये बारा फोटो निघायचे. ज्याच्या घरी छत्तीसचा रोल लागणारा कॅमेरा, तो श्रीमंत. गणपतीत घातलेला रोल दिवाळीपर्यंत पुरवायचा असे. म्हणून कॅमेरा काकांच्याच हातात, आणि काकांच्या तोंडी एकच वाक्य : ‘हलू नका रे, फोटो वाया जाईल!’ शेवटचे दोन-तीन उरले की ते संपवण्यासाठी शेजारचं बाळ, तुळशीवृंदावन, दारातली स्कूटर यांना बोलावणं यायचं. आज अल्बम उघडला तर समारंभाचे फोटो सगळ्या घरांत सारखेच दिसतात. आपलं अंगण, आपला वाळत घातलेला टॉवेल, आपल्या खिडकीचा उडालेला रंग सापडतो तो त्या स्कूटरच्या फोटोत, म्हणजे निव्वळ रोल संपवायला काढलेल्या फोटोत.

आता खुशाल हलावं. नातवाच्या एका हसण्याचे वीस फोटो निघतात आणि विसावा काढून होईपर्यंत त्याचं हसणं संपलेलं असतं. मे २०१५ मध्ये गूगलने फोटो ठेवण्याची सेवा सुरू केली तेव्हा १६ मेगापिक्सेलपर्यंतचे फोटो कितीही ठेवा, दमडी पडणार नाही, असा मामला होता. पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात जिओ आलं आणि काही महिने डेटाही फुकट झाला. काढणं फुकट, पाठवणं फुकट, ठेवणं फुकट. मग आम्ही वाण्याचं बिल ठेवलं, डॉक्टरांची चिठ्ठी ठेवली, पार्किंगमधल्या खांबाचा नंबर ठेवला, शुभ सकाळची गुलाबाची फुलंसुद्धा ठेवली.

रोलच्या दिवसांत ठेवायचं काय, हे स्टुडिओच्या काउंटरवर ठरायचं. स्टुडिओवाला आधी ‘परवा या’ म्हणायचा आणि परवा गेलं की पुन्हा ‘परवा या’ म्हणायचा. मग एकदाचं ते पाकीट हातात यायचं. आत निगेटिव्हच्या पट्ट्या. त्या ट्यूबलाइटकडे धरायच्या, काळ्या दातांच्या आणि पांढऱ्या केसांच्या त्या भुतांमधून माणसं ओळखायची आणि कॉपी कशाकशाच्या काढायच्या ते सांगायचं. ही आपल्याला, ही मावशीला, या दोन पुण्याला पाठवू. यात आत्याचे डोळे मिटलेत, ही नको. चष्म्यावरून बघत तो सगळं पाकिटावर लिहून घ्यायचा. घरी आल्यावर फोटोच्या मागे तारीख आणि गाव लिहायचं, तेही हलक्या हाताने, पुढे उमटू नये म्हणून.

या आठवणींवर फार विश्वास ठेवू नये. उजेड लागून अख्खा रोल जायचा आणि लग्नाचा विधी काही पुन्हा होत नसे. डोकी कापलेली यायची, धुण्याचे पैसे मात्र पूर्ण. कॅमेरा काकांचा म्हणून काका फोटोत नाहीत आणि पंगतीचं बघत होती म्हणून आई कुठल्याच फोटोत नाही. अल्बमची चिकट पानं फोटो धरून ठेवायची ती कायमची. सोडवायला जावं तर फाटायचा. उरलेल्यांना बुरशी होती, कसर होती. २००५ च्या जुलैत मुंबईत आणि २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात पाणी घरात शिरलं, तेव्हा कपाटाच्या खालच्या कप्प्यातल्या अल्बमांचा लगदा झाला.

क्लाउडला पूर येत नाही, फक्त तो भरतो. नोव्हेंबर २०२० मध्ये गूगलने सांगितलं की १ जून २०२१ पासून नवे फोटो फुकटच्या १५ जीबीत मोजले जातील आणि ईमेलही त्याच १५ जीबीत. तोवर तिथे चार लाख कोटींहून जास्त फोटो जमले होते. फ्लिकर या दुसऱ्या फोटो-सेवेची कथाही तीच : २०१३ मध्ये एक टीबी फुकट, २०१९ पासून फुकटात हजार फोटो. सवय लागेपर्यंत फुकट, लागल्यावर दरपत्रक. तरी फसवलं म्हणायला तोंड नाही. सहा महिन्यांहून अधिक मुदत दिली, तोवरचे फोटो हिशेबात धरले नाहीत, सगळं उतरवून घ्यायची सोय ठेवली. शिवाय इतकी वर्षं हे फुकट का, हा प्रश्न आम्ही कधी विचारला होता?

मग राग कशाचा? १३० रुपयांचा नक्कीच नाही; तेवढ्यात दोघांचा नाश्ता होत नाही. तेव्हा एकदा पैसे टाकले की फोटो आणि निगेटिव्ह दोन्ही आपले होत. आता ते दर महिन्याला आपले करून घ्यावे लागतात. जागा संपलेली असताना दोन वर्षं काहीच केलं नाही, तर पुसलेही जाऊ शकतात. आणि फुकटच्या त्या सहा वर्षांत आमचा निवडायचा हात गेला. रविवारी दुपारी चंग बांधून नको ते काढून टाकायला बसावं, तर एकाच थाळीचे चौदा फोटो समोर येतात. पहिल्यात कोशिंबीर बरी दिसते, नवव्यात भाऊजी हसताहेत. असू दे, असू दे करत संध्याकाळ होते, पाच-सात फोटो जातात आणि १०० जीबीचं बटण दाबलं जातं.

पूर्वी फोटो ठेवायला पैसे पडत, म्हणून निवडत होतो; आता न निवडायला पडतात, म्हणून भरतो. कुरकुर तेव्हाही केली, आत्ताही करतो. पण तेव्हा ती ऐकून घ्यायला काउंटरपलीकडे माणूस होता, आणि फार वेळ केली तर तो पाच रुपये कमी करायचा.